पट्टीखालचा धडा

मी एक जुने पाठ्यपुस्तक आहे. जपानी भाषा नव्याने शिकणाऱ्यांसाठी मला लिहिले, म्हणजे तसे मी पहिलीचे पुस्तक. पण माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी केस पिकू लागलेले असत. मित्रांनो, मोठी माणसे पुन्हा पहिलीत बसली की कशी अवघडून बसतात, हे तुम्ही पाहिले आहे का? ओठ न हलवता पुटपुटतात, आणि कोणी आले की मला पटकन वर्तमानपत्राखाली लपवतात. मी आयुष्यभर हेच पाहत आलो.

मला लिहिले एका गुरुजींनी. तरुणपणी ते काही वर्षे जपानमध्ये एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी भाड्याने राहिले होते. परत आल्यावर त्यांनी भाषा शिकवायला सुरुवात केली आणि मनासारखे पुस्तक मिळेना, म्हणून स्वतःच लिहायला बसले. चित्रे काढली त्यांच्या बहिणीने. बहिणीचा हात चांगला होता, पण पुरुषाचा चेहरा तिला एकच जमायचा. त्यामुळे माझ्यातला कारकून, डॉक्टर, दुकानदार आणि स्टेशनमास्तर हे चौघे सख्खे भाऊ वाटतात. दातदुखीच्या धड्यातसुद्धा रोगी बिचारा हसतोच आहे.

माझा पहिला धडा आहे, 'मी कंपनीत काम करतो.' दुसऱ्यात एक गृहस्थ विचारतात, 'ही छत्री आहे का?' दुसरे उत्तर देतात, 'हो, ही छत्री आहे.' समोर ढळढळीत छत्री दिसत असताना हा प्रश्न कशाला, असे माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याने मनात म्हटले असणार. पण गुरुजींचा हिशोब वेगळा होता. आधी कचेरी, मग बाजार, मग स्टेशन, मग दवाखाना, आणि अगदी शेवटच्या धड्यात घर. बहिणीने त्यांना विचारलेही होते.

"दादा, घर शेवटी का रे? माणूस बोलायला शिकतो तो घरातच ना?"

"अगं, घरचं बोलणं सगळ्यांत गोड असतं," गुरुजी म्हणाले. "शेवट गोड तर सगळंच गोड. एवढी वाट तुडवून जो येईल, त्याला शेवटी घर मिळेल."

गुरुजींचा हेतू चांगलाच होता. फक्त एवढी वाट तुडवून कोणी येईल का, हा विचार त्यांनी केला नाही. स्वतः चांगले चालणाऱ्या माणसाला इतरांचे पाय दुखतात हे लवकर सुचत नाही.

छापखान्यातून मी निघालो तेव्हा माझ्या अंगाला कोऱ्या शाईचा वास होता आणि डोळ्यांत मोठी स्वप्ने होती. मला एका सार्वजनिक वाचनालयात, भाषांच्या कपाटात जागा मिळाली. डावीकडे एक जाडजूड व्याकरण होते. ते कोणाशी बोलत नसे. उजवीकडे एक रंगीत चित्रांचे पुस्तक होते. त्याच्या पहिल्याच पानावर एक घर होते, आई होती, मांजर होते. त्याचे कोपरे दुमडलेले, पाठ उसवलेली, पण अंगावर कसे भरल्या घराचे तेज होते.

आता तुम्हाला आमच्या जातीची एक गोष्ट सांगतो. पुस्तक मिटले की पानांची जी बाजू दिसते, तिला कड म्हणतात. माणसे आमचे मुखपृष्ठ बघतात, पण आमचे खरे रूप कडेवर असते. जिथपर्यंत बोटे पोहोचतात, तिथपर्यंत कड मळते. रंगीत पुस्तकाची कड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी काळपट होती. माझी कड चौथ्या धड्यापर्यंत काळी आणि पुढे पांढरीशुभ्र. लोक मोठ्या हौसेने मला घरी न्यायचे, नव्याचे नऊ दिवस सरले की आणून टाकायचे. लोक म्हणत, 'अगदी नव्यासारखं आहे हो हे पुस्तक.' त्यांना वाटायचे, आपण कौतुक करतो आहोत. मला ते ऐकून रडू यायचे.

एके दिवशी दुपारी एक बाई आमच्या कपाटापाशी आली. साधा सुती पोशाख, आखूड कापलेली नखे, आणि हाताला साबणाचा वास. ती जवळच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची. तिथे तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. वाचनालय सांभाळणारे काका खुर्चीवरून उठून तिच्यामागे आले. काकांना पुस्तकांपेक्षा गप्पांची आवड जास्त होती.

"जपानी शिकायचंय? नोकरीसाठी का गं?"

"नाही हो काका. आमच्याकडे एक आजी आहेत." ताईने आवाज खाली आणला. "जपानच्या आहेत. लग्न करून इकडे आल्या, सगळं आयुष्य इथंच गेलं. आपली भाषा इतकी फर्डी बोलायच्या की भाजीवाल्याला घाम फोडायच्या. पण आता आजारपणात आपली भाषा सगळी पुसली गेली. लहानपणची तेवढी राहिली. रोज संध्याकाळी काहीतरी विचारतात, आणि कोणाला कळत नाही. मग त्या रडतात, दार उघडून बाहेर जायला बघतात."

"फोनवर बघायचं ना. आजकाल फोनला सगळं कळतं."

"बघितलं. आजारानं त्यांचं तोंड वाकडं झालंय, शब्द नीट फुटत नाहीत. फोन म्हणाला, आजी म्हणतायत, रेल्वेला मीठ घाला."

काका हसले आणि लगेच ओशाळले. मग त्यांनी रंगीत पुस्तक काढून तिच्या हातात दिले.

"हे ने. कड बघ याची. शेवटपर्यंत काळी आहे, म्हणजे लोक शेवटपर्यंत गेलेत. नवशिक्याचं पुस्तक असंच निवडावं. ज्यात लोक टिकले, त्यात आपणही टिकतो."

ताईने ते पुस्तक दोन बोटांत धरले. तिचा अख्खा दिवस चादरी बदलण्यात, फरशी पुसण्यात आणि पुन्हा पुन्हा हात धुण्यात जायचा. मळलेले दिसले की तिचा हात आपोआप मागे जायचा. तिचा काही दोष नव्हता, कामानेच तिला तशी सवय लावली होती.

"शी! केवढं मळलंय. आजींच्या पलंगाजवळ हे नाही नेता यायचं." तिने ते परत ठेवले आणि तिची नजर माझ्या पांढऱ्या कडेवर पडली. "हे बघा किती स्वच्छ आहे. हेच द्या."

"अगं, ते स्वच्छ आहे कारण..." काकांनी डोके खाजवले. "जाऊ दे. तुझी मर्जी."

मित्रांनो, माझी लाजच माझ्या कामी आली होती! मी इतका हरखलो की ती चुकीच्या कारणासाठी मला नेते आहे, याचे मला काहीच वाटले नाही.

वृद्धाश्रमात पुढच्या दारातून आत आले की एक लांबट दालन होते. दाराशेजारी भिंतीला लागून एक लाकडी बाक होता आणि बाकाच्या वर खुंट्यांची रांग. तिथे ताईची कापडी पिशवी लटकायची आणि पिशवीत मी. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी मी आजींना पाहिले.

दिवे लागायची वेळ झाली तशा आजी हळूहळू चालत आल्या आणि बाकावर टेकल्या. लहानखुऱ्या, पांढरे केस नीट विंचरलेले, एक हात मांडीवर निपचित. संध्याकाळच्या पाळीची माणसे कामावर येत होती. दार उघडले की आजी पुढे वाकायच्या, आधी येणाऱ्याच्या पायांकडे बघायच्या, मग तोंडाकडे, आणि काहीतरी पुटपुटायच्या. येणारा म्हणायचा, 'काय आजी, बऱ्या आहात ना?' आणि बुटांचा टकटक आवाज करत आत निघून जायचा. आजी पुन्हा दाराकडे बघायच्या. असे बरेचदा झाले की त्यांचा चेहरा कावराबावरा व्हायचा. त्या उठायच्या आणि दाराशी झटू लागायच्या. मग ताई आणि स्वयंपाकघरातले मामा धावत यायचे, त्यांना धरून खोलीत न्यायचे, आणि आजी सगळी वाट रडत जायच्या.

मला पहिल्याच संध्याकाळी कळले. शब्द वाकडातिकडा होता, अर्धा तर नुसता श्वास होता. पण आपल्या पोटात छापलेला शब्द पुस्तकाला ओळखू येणार नाही का? आजी म्हणत होत्या, 'ओकाएरी.' त्यांच्या माहेरी बाहेरून घरी येणारा माणूस दारात जोडे काढतो आणि म्हणतो, 'तादाइमा', म्हणजे मी आलो. घरातले म्हणतात, 'ओकाएरी', म्हणजे आलास, बरे झाले. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पण येतो म्हणून गेलेला माणूस परत आला, की आपल्याकडे ठरलेला असा शब्द नाही. त्यांच्याकडे तो आहे. आजी रोज ओकाएरी म्हणत होत्या आणि कोणीच तादाइमा म्हणत नव्हते. माणसे जोडे घालून सरळ आत जात होती. म्हणजे आजींच्या लेखी घरचे कोणीच आले नव्हते. बाहेर अंधार पडत होता, आणि सगळे अजून बाहेरच होते. मग त्या शोधायला निघणार नाहीत तर काय करतील?

हे दोन्ही शब्द माझ्याकडे होते. कुठे? शेवटच्या धड्यात. आणि काकांनी आधी दिलेल्या त्या मळक्या पुस्तकात ते अगदी पहिल्या पानावर होते, मांजराच्या शेजारी. त्या संध्याकाळी खुंटीवर लटकताना मला माझ्या पांढऱ्या कडेची जेवढी चीड आली, तेवढी आयुष्यात कधी आली नव्हती. पण पुस्तकाला तोंड नसते. कोणीतरी पान उघडावे लागते.

ताईने अभ्यास मात्र मन लावून केला. दुपारच्या सुट्टीत ती धुलाईच्या खोलीत जायची, घड्या घातलेल्या चादरींच्या ढिगाला टेकून बसायची आणि मला मांडीवर घ्यायची. तिची एक शिस्त होती. शाळेत तिला कोणीतरी सांगितले होते की एक धडा पुरा पाठ झाल्याशिवाय पुढचे पान उघडायचे नाही. ते तिने अजून धरून ठेवले होते. त्यात भर म्हणजे पुढची पाने मळू नयेत, म्हणून तिने कपाटातून जखमेला बांधायची पांढरी पट्टी आणली आणि माझे न वाचलेले धडे तिने गुंडाळून बांधून टाकले. छान घट्ट, सुरगाठ मारून. एक धडा झाला की गाठ सोडायची, तेवढी पाने मोकळी करायची आणि पुन्हा बांधायची. असली काळजी माझी कोणी कधी घेतली नव्हती. मला गहिवरून आले, आणि ओरडावेसेही वाटले. जे औषध हवे, तेच बाई पट्टीखाली बांधून बसली होती!

छत्रीच्या धड्याची गंमत मात्र सांगायलाच हवी. ताईने ते वाक्य घोकले, कोपऱ्यातली छत्री उचलली आणि आजींच्या समोर धरून म्हणाली, "कोरे वा कासा देसु." ही छत्री आहे. आजींनी छत्रीकडे पाहिले, ताईकडे पाहिले, आणि त्यांच्या तोंडाचा जो कोपरा हलत होता, तो हसला. त्यांनी छत्रीवर हळूच थोपटले. "कासा," त्या म्हणाल्या. दिवसभर त्या छत्री जवळ घेऊन बसल्या. ज्या धड्याला सगळ्यांनी नावे ठेवली, त्याने त्या घरात किती दिवसांनी कोणाशी तरी बोलणे घडवून आणले होते. मी मनातल्या मनात गुरुजींना नमस्कार केला.

पण संध्याकाळी पुन्हा तेच. बाक, दार, पाय, पुटपुट आणि रडणे.

चौथा धडा ताईने ओलांडला. माझ्या आयुष्यात हे प्रथमच घडत होते. पाचवा धडा मोजण्याचा. जपानीत पातळ वस्तू मोजायची एक रीत, लांब वस्तूंची दुसरी, लहान प्राण्यांची तिसरी. तिथे बहुतेकांचे घोडे पेंड खाते. ताईने तो धडा चादरी मोजत मोजत पाठ केला. सहावा झाला, सातवा झाला. माझी कड सातव्यापर्यंत मळली. पण पट्टीखाली अजून केवढे तरी धडे होते, आणि रोज थकलेल्या डोळ्यांनी ती किती वाचणार?

अशात एका सकाळी वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाईंनी तिला दालनातच गाठले. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या प्रमुख. टाचांचे सँडल, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि कपाळावर कायमची आठी. मनाने वाईट नव्हत्या, पण सगळ्या इमारतीचा भार त्यांच्या डोक्यावर होता.

"काल आजी फाटकापर्यंत गेल्या होत्या, ठाऊक आहे ना तुला? रस्त्यावर गेल्या असत्या तर?"

"माझं लक्ष होतं बाई. मामा काही विचारायला आले, तेवढ्यात..."

"तुझा दोष नाही म्हणत मी. पण अशांसाठी वेगळी संस्था आहे, दुसऱ्या गावाला. तिथं दारांना कायम कुलूप असतं. त्यांच्या नवऱ्याच्या पुतण्याशी मी बोलले आहे. पुढच्या आठवड्यात गाडी येईल."

"कुलपात ठेवणार त्यांना?" ताईचा आवाज चिरकला. "त्या काहीतरी मागतायत बाई. काय ते कळलं की थांबतील. मी शिकतेय ना."

"शिकतेस, मला दिसतंय. पण त्या तुझ्या पुस्तकात छत्रीच्या पुढं काही आहे का?"

मोठ्या बाई टकटक करत निघून गेल्या. ताई बाकावर बसली. तिने मला पिशवीतून काढले, सातव्या धड्यावरून बोट फिरवले आणि पट्टीच्या गाठीकडे बघत राहिली. मित्रांनो, त्या वेळी मी जेवढी प्रार्थना केली, तेवढी कोणत्या पुस्तकाने केली नसेल. सोड, गाठ सोड, शेवटचे पान बघ! पण तिने डोळे पुसले आणि मला परत पिशवीत टाकले. तिने ठरवले होते. हे पुस्तक बदलायचे.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. दुपार कलताना ती वाचनालयात आली आणि मला काकांच्या टेबलावर ठेवले.

"काका, तुमचंच खरं होतं. ते मळकं पुस्तक द्या. या पुस्तकात नुसती कचेरी आणि स्टेशन. माझ्याकडे दिवस उरले नाहीत हो."

मला परत आणून टाकणारे मी पुष्कळ पाहिले होते. पण त्या दिवशी मला स्वतःचे वाईट वाटत नव्हते. मला त्या बाकावरच्या आजी दिसत होत्या.

काकांनी मला उचलले. परत आलेले पुस्तक तपासायची त्यांची एक पद्धत होती. ते नेहमी शेवटून तपासायचे. त्यांचे म्हणणे, लोक रद्दी म्हणून फाडतात ती शेवटची पाने, पहिली नव्हेत. त्यांनी मला पालथे घातले आणि थबकले.

"हे काय गं? पुस्तकाला जखमबिखम झालीय का?"

"मळू नये म्हणून बांधलंय," ताई ओशाळून म्हणाली.

"वा! आता ताप आहे का तेवढं बघतो." काकांनी नखाने गाठ सोडली, पट्टी टेबलावर पडली, आणि त्यांनी मला मागून उघडले.

शेवटचा धडा उघडला. पट्टी बांधल्यापासून पहिल्यांदाच त्याला उजेड लागला. गुरुजींच्या बहिणीने ते चित्र जीव ओतून काढले होते. अर्धे उघडे दार. दारात वाकून जोडे काढणारी एक मुलगी. आत बसलेली एक म्हातारी, जरा पुढे वाकलेली, नजर येणारीच्या पायांवर.

ताई रंगीत पुस्तक घ्यायला कपाटाकडे वळली होती. तिने सहज मान वळवून पाहिले आणि तिथेच थांबली.

"काका, पान उलटू नका."

"अगं, तपासतोय फक्त. फाटलं नाहीये."

"उलटू नका म्हणते ना!" तिने मला त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावले. चित्राखाली जपानी अक्षरे होती आणि खाली आपल्या लिपीत उच्चार आणि अर्थ. तिने ते वाचले. ओठ हलवत वाचले. त्याखाली गुरुजींनी बारीक टाइपात एक टीप घातली होती: 'माझ्या घरमालकीणबाई सांगत, तादाइमा ऐकू येईपर्यंत माणूस घरी आला असे मी मानत नाही, मग तो समोर का उभा असेना.'

ताई मटकन स्टुलावर बसली. "पायांकडे बघतात," ती म्हणाली. "रोज आधी पायांकडे बघतात. आणि आम्ही बूट घालून..." काकांना काही उमगले नाही, पण त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

तिने पाणी घेतले नाही. मला उराशी धरून ती निघाली. काका मागून ओरडले, "अगं, हे रंगीत पण घेऊन जा!" ती परत फिरली, मळके पुस्तकही काखेत मारले आणि अक्षरशः पळत सुटली.

वृद्धाश्रमात दिवे लागले होते. आजी बाकावर होत्या, दाराकडे झुकलेल्या, आणि चेहरा कावराबावरा होऊ लागला होता. दार उघडले. आजींनी पायांकडे पाहिले.

ताईने खाली वाकून बूट काढले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते. ती अनवाणीच म्हणा ना, दारात उभी राहिली आणि धापा टाकत म्हणाली, "तादाइमा."

उच्चार काही धड नव्हता. गुरुजी असते तर त्यांनी पुन्हा म्हणायला लावले असते. पण आजींची नजर त्या भोकावरून हळूहळू वर आली, ताईच्या चेहऱ्यापर्यंत. त्यांचा हलणारा हात वर झाला.

"ओकाएरी," त्या म्हणाल्या. आणि बाकावर शेजारी थोपटले.

ताई त्यांच्याजवळ बसली आणि रडू लागली. आजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, शाळेतून रडत आलेल्या लेकराच्या फिरवतात तसा. मला वाटले, झाले, सुटले सगळे. पण थोड्याच वेळात आजी पुन्हा दाराकडे बघू लागल्या. ताईने डोळे पुसले. तिच्या ध्यानात आले. एकटी आली म्हणून काय झाले? घरचे बाकीचे अजून बाहेरच होते.

"मामा!" तिने हाक मारली. "मामा, बाहेर जा आणि परत आत या."

मामा ओल्या हाताने स्वयंपाकघरातून आले. "मी सकाळपासून आतच आहे की! आणि तुझी आज सुट्टी ना?"

"तरी जा. आणि येताना चपला दारात काढा. आणि हे म्हणा." तिने त्यांच्यापुढे मला उघडून धरले. मामांनी माझ्या पानावर ओला अंगठा ठेवून शब्द वाचला, दोनदा पुटपुटला, आणि 'काय काय करावं लागतं या वयात' असे म्हणत बाहेर गेले. परत आले, चपला काढल्या, आणि आमटी हवी का विचारावे तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "तादाइमा!"

"ओकाएरी," आजी म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटले.

मग जो तो बाहेर जाऊन परत येऊ लागला. चादरी धुणारी, औषधे देणारी, दाराचा पहारेकरी. पहारेकऱ्याच्या बुटांच्या नाड्या सुटेनात म्हणून मागे रांग लागली. दारात जोड्यांचा ढीग झाला. प्रत्येकाने जाताना माझ्यात डोकावून शब्द पाहिला, आणि प्रत्येकाचा अंगठा माझ्या शेवटच्या पानावर उमटला.

गलका ऐकून मोठ्या बाई कचेरीतून बाहेर आल्या. पर्स खांद्याला होती, घरी निघाल्या होत्या. "हा काय बाजार मांडलाय?"

ताईने मला त्यांच्या हातात दिले. मोठ्या बाईंनी उभ्याउभ्याच चित्र पाहिले, अर्थ वाचला, खालची बारीक टीपही वाचली. मग मला बाकाच्या कडेवर ठेवले.

"उद्या बोलू," त्या एवढेच म्हणाल्या. टाचा वाजवत बाहेर गेल्या आणि दार लागले. ताईचा चेहरा उतरला. मामांनी पंच्याने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. आजी दाराकडे बघत होत्या.

दार पुन्हा उघडले. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. भिंतीला एक हात टेकून त्यांनी आधी एक सँडल काढला, मग दुसरा. सँडलशिवाय त्या चांगल्याच बुटक्या निघाल्या. त्यांनी मान तिरपी करून माझ्या पानावर एकदा नजर टाकली.

"तादाइमा," मोठ्या बाई म्हणाल्या. कपाळावर आठी नव्हती.

"ओकाएरी," आजी म्हणाल्या. त्यांनी जोड्यांच्या ढिगावरून नजर फिरवली, मग माणसांवरून. मग त्या उठल्या. कोणी धरले नाही. दाराकडे पाठ केली आणि आपल्या पावलांनी खोलीकडे चालू लागल्या. सगळे घरी आले होते.

ती गाडी आली नाही. आजी शेवटपर्यंत त्याच खोलीत राहिल्या, आणि एका सकाळी झोपेतच गेल्या. तोपर्यंत एकही संध्याकाळ अशी गेली नाही, की कोणी जोडे न काढता आत आले. काकांनी मला परत मागितले नाही. म्हणाले, कपाटात बसून तरी काय करणार आहे, तिकडेच राहू दे. रंगीत पुस्तक मात्र परत गेले, त्याला मागणी फार. जाताना त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि ते मला फार गोड वाटले.

आता मी बाकाच्या वरच्या फळीवर असतो. माझी कड कधी पाहाल तर हसाल. सुरुवातीला काळी, मध्ये पांढरी आणि अगदी शेवटी अंगठ्यांनी मळलेला एक गडद पट्टा. मधला भाग ताई दुपारी वाचते. कोणाशी बोलायचे आता, असे मामांनी तिला विचारले, तर म्हणाली, "अर्धवट सोडवत नाही हो." पट्टी मात्र ती आता बांधत नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी शिकायला पुस्तक निवडाल, तेव्हा कोऱ्या कडेला भुलू नका. जे पुस्तक लोकांनी मळवले, त्यात काहीतरी असते. आणि जे कोरे राहिले, त्याला एकदा शेवटून उघडून बघा, कदाचित तुमचेच काही तिथे अडकून पडले असेल. आम्हाला जपा, पण बांधून ठेवू नका. मळण्याने पुस्तक मरत नाही.

आजी गेल्या त्या दिवशी संध्याकाळी मला वाटले, आता हा शब्द संपला. दिवे लागले, दार उघडले. पाळीवर आलेल्या ताईने रिकाम्या बाकाकडे पाहिले, खाली वाकून बूट काढले आणि हळूच म्हणाली, "तादाइमा."

मग आतून, भांड्यांच्या आवाजातून, मामांचा जाड आवाज आला, "ओकाएरी गं!"